गारदी, गारद आणि गार्ड : हा शब्द खरंच फ्रेंच आहे का?

मुळामुठा | रवि, सकाळी १०:४२

परवा भाचीला शनिवारवाडा दाखवायला नेलं. आठवीत आहे. संस्कृतच्या तुकडीत जागा उरली नाही म्हणून शाळेत फ्रेंच घेतलंय. नारायण दरवाजापाशी उभं राहून मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव, 'काका मला वाचवा', 'धरावे'चं 'मारावे'. ती मध्येच म्हणाली, "मामा, गारदी म्हणजे?"

"मारेकरी."

"पण ते वाड्यात काय करत होते?"

"पहाऱ्याला होते."

"मग ते गार्ड होते ना! आमच्या मिस गार्दच म्हणतात."

माझी बोलती बंद. गेली चाळीस वर्षं मी गारदी म्हणजे सुपारी घेणारा असंच धरून चाललो होतो. घरी आलो तर हा शब्द जिथे तिथे दिसायला लागला. निवडणुकीच्या पेट्यांवर पोलीस गारद बसते. पेपरात 'पाहुणा संघ ९८ धावांत गारद' असतो. गडावर पोरं छाती फुगवून महाराजांची गारद देतात. हे सगळे एकाच घरातले, की नुसते आडनावबंधू? आणि फ्रेंचांचं पुण्यात काय काम होतं?

जाणकारांनी लिहा. राघोबादादा दोषी की निर्दोष यावर भांडू नका, त्याचे धागे वेगळे आहेत आणि तिथे अजून भांडण चालू आहे.

आडकित्ता | रवि, सकाळी १०:४५

पहिला! वाचतो सावकाश.

बखरवाचक | रवि, सकाळी ११:३०

भाचीला माझ्यातर्फे पेढा द्या. बरोबर बोलली ती.

फ्रेंचांचं काम पुण्यात नव्हतं, औरंगाबाद-हैदराबादेत होतं. सुरुवात मात्र पाँडिचेरीला. तिथल्या फ्रेंच गव्हर्नर डुप्लेने देशी माणसांना युरोपी कवायत शिकवून पायदळ उभं केलं. १७४६ साली अड्यार नदीच्या काठी काहीशे लोकांच्या अशा फौजेने अर्काटच्या नवाबाच्या हजारोंच्या फौजेला पळवून लावलं आणि सगळ्या हिंदुस्थानाचे डोळे उघडले. मग बुसी हा फ्रेंच सरदार निजामाकडे आला. १७५१ ते १७५८ तो दख्खनमध्ये होता. आपल्या कागदांत त्याला 'मुसाबुसी' म्हणतात. हे मुसा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, फ्रेंच 'मस्य', म्हणजे श्रीयुत! हैदराबादेतलं मुसारामबाग याच मुसाचं. तिथला राम हा आपला राम नव्हे, रेमाँ नावाचा फ्रेंच सरदार.

बुसीच्या हाताखाली तयार झालेले दोघे आपल्या इतिहासात येतात. मुझफ्फरखान गारदी आणि इब्राहिमखान गारदी. मुझफ्फरखान नानासाहेब पेशव्यांच्या चाकरीत आला, फुटला, परत आला, आणि १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंवरच घाव घातला. त्याला देहदंड झाला. इब्राहिमखान त्याच्या उलट. भाऊंसोबत पानिपतावर गेला आणि १४ जानेवारी १७६१ ला त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची जी दाणादाण उडवली ती शत्रूच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही मान्य केली आहे. त्याचे बहुतेक लोक तिथेच पडले. तो जखमी होऊन हाती लागला आणि मारला गेला, पण त्याने बाजू बदलली नाही.

एकाच शब्दाचे हे दोन धनी. मराठीने लक्षात ठेवलं ते मात्र तिसऱ्यांना, १७७३ च्या सुमेरसिंगाला.

रुक्मिणीकाकू | रवि, दुपारी १२:०५

बखरवाचक, छानच. पण गारदी वेगळा ओळखायचा कशावरून ते सांगा की. आमच्या वेळच्या पुस्तकात नुसतं 'गारदी धावून आले' एवढंच असायचं. मला लहानपणी ते गारुड्यासारखे पुंगी घेऊन आलेले दिसायचे.

बखरवाचक | रवि, दुपारी १२:४०

काकू, पुंगीवाले गारदी :))

ओळख अशी. मराठी शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं, स्वतःची तलवार, स्वतःची मर्जी. बारगिराला घोडं सरकारी. गारदी पायी. एकसारखा पोशाख, खांद्याला चकमकीची बंदूक, टोकाला संगीन. जुन्या तोडेदार बंदुकीला पेटती वात लागायची. पावसात वात विझली की बंदूक म्हणजे काठी. चकमकीची बंदूक त्यामानाने लवकर भरायची. पण खरी जादू बंदुकीत नव्हती, रांगेत होती. एका रांगेने झाडायचं, तोवर दुसरीने भरायचं. हुकूम येईतो जागचं हलायचं नाही. घोडदळवाल्याला हे बघून हसू यायचं. पानिपतावर भाऊंच्या गोलाच्या लढाईवरून (गोल बांधून, रांग न मोडता लढायचं) जुन्या सरदारांची जी कुरकुर होती, ती याचीच.

दुसरं म्हणजे पगार. गारद्याला जहागीर नाही, वतन नाही. महिन्याचा रोख पैसा. तो थकला की गारदी धन्याच्या दारात बसायचा. ३० ऑगस्टला वाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराचा ओरडा करतच.

निरुद्योगी | रवि, दुपारी १२:५१

थोडक्यात, पहिले कंत्राटी कर्मचारी.

लियोंकर | रवि, दुपारी ३:१०

इथे फ्रान्समध्ये सोळा वर्षं झाली, म्हणून दोन शब्द. 'गार्द' दोन आहेत. एक पुल्लिंगी, म्हणजे पहारेकरी इसम. दुसरा स्त्रीलिंगी, म्हणजे पहारा किंवा पहाऱ्याची तुकडी. आता मराठीत बघा : ती गारद बसते, तो गारदी असतो. लिंगासकट उचललाय की! मला तर पुरावा पुरेसा वाटतो.

इथे आमच्या मुलाला रोज सकाळी पाळणाघरात सोडतो त्याला 'गार्दरी' म्हणतात. मुलांची गार्द. रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान म्हणजे गार्दवरची फार्मसी. मला सुरुवातीला ऐकून दचकायला व्हायचं. पोराला गारद्यांकडे सोडून ऑफिसला चाललो!

कोकणचा_कावळा | रवि, दुपारी ३:४८

थांबा थांबा. सगळं ताट फ्रेंचांच्या पुढे सरकवू नका.

पोर्तुगीजमध्ये 'ग्वार्दा' आहे आणि तोही अगदी असाच, पहारा स्त्रीलिंगी, पहारेकरी पुल्लिंगी. लियोंकरांचा पुरावा तिथेच बाद. फ्रेंच डुप्ले जन्माला यायच्या दीडशे वर्षं आधीपासून पोर्तुगीज गोवा, वसई, चौल, रेवदंड्याला बसले होते. चावी, बादली, घमेलं, पिंप, साबण, फीत, पगार, सगळं त्यांच्याकडून घेतलं. ज्या पगारासाठी गारद्यांनी पेशवा मारला तो पगार पोर्तुगीज, आणि गारदी तेवढा फ्रेंच?

मुळामुठा | रवि, दुपारी ४:०२

कावळेबुवा, शेवटचं वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे.

शब्दपाणक्या | रवि, संध्या. ६:२०

भांडणात तिसरा घुसतोय. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'गारदी'ची नोंद आहे. अठराव्या शतकात युरोपी पद्धतीने तयार केलेल्या देशी शिपायाला हे नाव, असा अर्थ दिलाय. व्युत्पत्ती देताना ते म्हणतात की हा 'गार्ड'चाच अपभ्रंश असू शकेल, पण आणखी एक वाट आहे. पश्चिम किनाऱ्यावर अरबांचे वंशज होते, ते स्वतःला 'घरबी' म्हणजे पश्चिमेकडचे म्हणवत. सुरुवातीच्या शिपायांवर तेच नायक असत. त्या 'घरबी'वर 'गार्ड'चा संस्कार होऊन गारदी झाला असेल. अरबीत घर्ब म्हणजे पश्चिम. मगरीबची नमाज म्हणतो ना आपण, तीच धातू, सूर्य मावळतो ती दिशा.

त्याच नोंदीत १७८८ च्या एका शब्दसंग्रहाचं अवतरण आहे. त्यात गारदी ही विजापूर प्रांतातली एक जमात, पायदळासाठी नावाजलेली, असं लिहून ठेवलंय! म्हणजे पानिपतानंतर सत्तावीस वर्षांतच साहेबाला हा शब्द इतका देशी वाटायला लागला होता की त्याने जातच ठरवून टाकली.

माझं मत विचाराल तर घरबी ओढूनताणून वाटतो. 'ब'चा 'द' व्हायला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण म्हणून शेवटी गार्डलाच बोलवावं लागतं. मग सरळ गार्डच का नको?

विट्याचा_पाव्हणा | रवि, संध्या. ६:५५

आमच्या विट्याजवळ गार्डी नावाचं गाव हाय. मंग ते काय फ्रेंचांनी वसवलं का?

आडकित्ता | रवि, संध्या. ६:५८

हो, आणि गावात अजून गुऱ्हाळावर पावाबरोबर चीज देतात.

शब्दपाणक्या | रवि, संध्या. ७:१५

पाव्हणं, गावाच्या नावावरून उडी मारू नका. तसं केलं तर फलटण म्हणजे पलटण ठरेल.

बाकी पलटणीची गोष्ट भारी आहे. फ्रेंचमध्ये 'पलोत' म्हणजे गुंडी, लोकरीचा गुंडा. त्यावरून 'पलोताँ' म्हणजे छोटा गुंडा, मग माणसांचा घोळका, मग सैनिकांची तुकडी. तोच इंग्रजीत प्लाटून. सायकलशर्यतीत घोळक्याने जाणारे सायकलस्वार असतात, त्यांना आजही तेच नाव आहे. आपल्या पलटणीत हा शब्द आणि बटालियन दोन्हींची सरमिसळ झालीय असं कोशकार म्हणतात. 'पोरांची पलटण घेऊन आली' म्हणणाऱ्या बाईला ठाऊकही नसतं की ती लोकरीचा गुंडा उलगडतेय.

रुक्मिणीकाकू | रवि, संध्या. ७:४०

गुंडाच तो. माझी नातवंडं आली की घरभर दोरे.

हंबीर | रवि, रात्री ९:१२

एवढी शब्दांची कसरत कशाला? गारदी कोण होते सगळ्यांना माहीत आहे. ठरावीक लोकच होते ते. उघड बोला.

बखरवाचक | रवि, रात्री ९:३५

हंबीरराव, उघडच बोलतो. १७७३ च्या कटातली नावं वाचा. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ, आणि सोबत तुळाजी पवार. यातून तुम्ही कोणती एक जात किंवा एक धर्म काढणार? आणि पेशव्याला वाचवायला गेलेला चापाजी टिळेकर त्याच वाड्यातला नोकर होता. गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता. हुद्दा होता. रांगेत उभं राहायचा, पहिल्या तारखेला पैसे घ्यायचा.

पानिपतावर अब्दालीच्या छावणीत इब्राहिमखानाला हेच विचारलं गेलं असणार की तू तिकडे कसा. तो तिकडेच राहिला.

हंबीर | रवि, रात्री ९:४१

बरं. तुळाजी पवार माहीत नव्हता.

अवघड_जोडाक्षर | रवि, रात्री ११:०५

मी कावळेबुवांच्या विरुद्ध एक काडी टाकतो. काडतूस.

पोर्तुगीज 'कार्तूचो', फ्रेंच 'कार्तूश'. दोघांचा आजा इटालियन, कागदाची सुरळी. पूर्वी दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधत, ती दातांनी फाडून बंदुकीत ओतत, म्हणून कागदावरून नाव. आता पोर्तुगीज 'शाव्ह' आपल्याकडे आला तेव्हा त्यांचा 'श' अजून 'च' होता, म्हणून आपण चावी म्हणतो. काडतूस पोर्तुगीजांकडून असतं तर काडतूच झालं असतं. फ्रेंच 'श'चा 'स' झाला म्हणून काडतूस. बंदूक फ्रेंच कवायतीची, काडतूस फ्रेंच, मग ती चालवणारा गारदी पोर्तुगीज कसा?

कोकणचा_कावळा | सोम, सकाळी ७:१५

रात्री झोप लागली नाही. उत्तर देतो.

चावी आली सोळाव्या शतकात. तेव्हा त्यांचा 'च' होता हे कबूल. पण पुढच्या दोनशे वर्षांत लिस्बनमध्येच त्याचा 'श' झाला. काडतूस अठराव्या शतकात आलं असेल तर तेव्हाचे पोर्तुगीजही 'कार्तूशु'च म्हणत होते. तुमची काडी विझली.

मला वाटतं प्रश्न चुकतोय. पाँडिचेरीच्या फ्रेंच छावणीत शिपायाशी बोलायला कोणती भाषा होती? फ्रेंच? मुळीच नाही. तेव्हा सगळ्या किनाऱ्यावर गोऱ्यांची आणि देशी लोकांची मधली भाषा मोडकी पोर्तुगीज होती. इंग्रजांच्या मद्रासेत, फ्रेंचांच्या पाँडिचेरीत, सगळीकडे. म्हणजे शब्द पोर्तुगीज ओठांतून, फ्रेंच कवायतीतून, दख्खनी उर्दूतून आपल्याकडे आला असेल. मग त्याच्या बारशाला आत्या कोण ते ठरवत बसा.

अवघड_जोडाक्षर | सोम, सकाळी ९:३०

ही आत्या मान्य. काडी मागे.

मुळामुठा | सोम, सकाळी ९:५०

धागाकर्ता म्हणून नम्र आठवण : क्रिकेटवाला 'गारद' आणि महाराजांची गारद राहिलीय.

शब्दपाणक्या | सोम, सकाळी ११:१०

क्रिकेटवाला या घरातला नाही हो. अरबी 'ग़ारत', लूट, धाड, सत्यानाश. हिंदीत 'ख़ुदा ग़ारत करे' म्हणून शिव्याशाप देतात तो. मराठीत 'त'चा 'द' झाला आणि तो पहारेकरी गारदेसारखा दिसायला लागला. आडनावबंधू, जमीन वेगळी.

महाराजांची गारद मात्र याच घरातली वाटते. पहारेकरी धनी येताना पुकारा करायचे, ललकारी द्यायचे. पहारा म्हणजे गारद, आणि पहाऱ्याने दिलेला पुकाराही गारद. 'गारद देणे' हा प्रयोगच ते सांगतो. आपण मानवंदना देतो, पहारा देतो, तशी गारद देतो.

सह्याद्रीची_वाट | सोम, दुपारी १२:२०

म्हणजे शिवरायांच्या ललकारीला फिरंगी शब्द? हे पचायला जड आहे. रायगडावर पहाटे गारद ऐकताना अंगावर काटा येतो माझ्या.

बखरवाचक | सोम, दुपारी १२:४४

काटा येऊ द्या, त्याला शब्दाच्या जन्मदाखल्याची गरज नाही. तसे तर 'शिलेदार', 'बारगीर', 'सरनौबत' फारसी आहेत. आणि तुतारीनंतर जो जयजयकार होतो त्याचे शब्द 'गडपती, गजअश्वपती' अस्सल संस्कृत. नुसत्या पाटीवरचं नाव परदेशी आहे.

ग्वाल्हेरकर | सोम, दुपारी २:०५

नमस्कार मंडळी. आम्ही पाच पिढ्या ग्वाल्हेरचे, लष्कर भागात घर. बसवाला विचारतो "कहाँ?", आम्ही म्हणतो "कंपू". कंपू हा आमच्याकडे भाग आहे, त्याच नावाचं पोलीस ठाणंही आहे. महादजी शिंद्यांनी बनवॉ द बोआन्य याला (आपल्याकडे डिबॉईन) १७८४ साली चाकरीत घेतलं आणि त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. त्या कंपूंनी १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याला राजपुतांना हरवलं. मुळात शब्द पोर्तुगीज 'कांपो', छावणी, पण अर्थ शिंदेशाहीत पक्का झाला : गोऱ्या सरदाराच्या हाताखालची कवायती फौज.

इथे या संस्थळावर लोक एकमेकांवर कंपूबाजीचा आरोप करतात तेव्हा आम्हाला घरी गेल्यासारखं वाटतं.

आडकित्ता | सोम, दुपारी २:०९

हाहाहा! म्हणजे इथल्या संपादक मंडळाचा बाप डिबॉईन!!

संपादक | सोम, दुपारी २:३०

मंडळ या प्रतिसादाची कवायती नोंद घेत आहे.

लियोंकर | सोम, दुपारी ४:५५

डिबॉईनचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. आमच्यापासून दीड तासावर शाँबेरी नावाचं शहर आहे, तो तिथला. (फ्रेंच म्हणू नका, साव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होतं, फ्रान्समध्ये आलं १८६० ला. पण आपण सगळ्या टोपीवाल्यांना एकाच टोपलीत टाकतो.) १७९५ ला तो शिंद्यांची चाकरी सोडून पैसे घेऊन परतला आणि गावाला भरपूर देणग्या दिल्या. गावाने १८३८ मध्ये त्याचं स्मारक बांधलं. भर चौकात खांबावर तो उभा, आणि खाली चार दिशांना चार हत्ती. फक्त पुढची अर्धी शरीरं. मागचा भाग खांबात गडप. सोंडेतून पाणी पडतं.

गावकरी त्यांना जे म्हणतात त्याचं सभ्य मराठी 'बिनबुडाचे चौघे'. असभ्य तुम्हीच करून घ्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस पडत होता, एक म्हातारी छत्री घेऊन थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडचे ना हे?" हत्ती म्हणायचं होतं तिला. मी हो म्हटलं. ग्वाल्हेरच्या पैशाचे हत्ती, आमचेच की.

रुक्मिणीकाकू | सोम, संध्या. ५:२०

लियोंकर, फोटो टाका बिनबुडाच्यांचे.

पळीपंचपात्र | सोम, रात्री ८:१५

इतिहासात मी शून्य, पण हा शब्द मी दोन वर्षं अंगावर घातलाय.

हॉटेल मॅनेजमेंट करून मुंबईत एका मोठ्या हॉटेलात लागलो. पहिली नेमणूक 'गार्ड मांजे'त. म्हणजे थंड स्वयंपाकघर : सॅलड, सँडविच, चिरलेली फळं, कापलेलं मांस, बुफेवरची कलिंगडाची फुलं. शब्दशः 'खाण्याचं राखण', जुन्या फ्रेंच वाड्यांतली मांस टिकवायची थंड कोठी. बारा-बारा तास त्या थंडीत उभं राहायचं. बोटं इतकी बधिर व्हायची की सुरी लागली तरी रक्त दिसल्यावर कळायचं. रात्री दोनला घरी आलो की आजी जागी असायची. तिला सांगितलं, "आजी, मी गार्ड मांजेत आहे." तिने ऐकलं गारदी. म्हणाली, "मेल्या, स्वयंपाक शिकायला पाठवला होता ना तुला?"

आमचे शेफ म्हणायचे की गार्ड मांजेतला पोरगा ओळखायचा असेल तर त्याला खोबरं किंवा कोळंबी राखायला द्या आणि दहा मिनिटांनी मोजा.

निरुद्योगी | सोम, रात्री ८:२२

म्हणजे सुमेरसिंगाची परंपरा चालू आहे.

अवघड_जोडाक्षर | सोम, रात्री १०:००

या कुटुंबाची अजून एक गंमत. मूळ शब्द जर्मानिक, फ्रँक लोकांचा, 'व'ने सुरू होणारा. राखणे, नजर ठेवणे. फ्रेंचांना तो 'व' उच्चारता येईना, त्यांनी 'ग' केला. इंग्रजांनी काही शब्द उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांकडून 'व'सकट घेतले आणि काही पॅरिसवाल्यांकडून 'ग'सकट. त्यामुळे इंग्रजीत जुळे जन्मले. गार्डियन आणि वॉर्डन. मूळ वेगळं पण खेळ तोच : फ्रिजच्या दुकानात आपण ज्यावरून भांडतो ते गॅरंटी आणि वॉरंटी. एकच शब्द आहे तो! कपड्यांचा वॉर्डरोबसुद्धा 'गार्द-रोब', झगे राखणारा.

तेव्हा होस्टेलचा वॉर्डन, इस्पितळातला वॉर्ड, सायकलचं मडगार्ड आणि नारायणरावांचा गारदी हे सगळे भाऊबंद.

विट्याचा_पाव्हणा | सोम, रात्री १०:१२

मडगाड म्हणायचं. आमच्याकडं मडगाडवर पोराचं नाव आन् वाघाचं चित्र असतं. चिखलापासून राखतंय ते, फितूर हुत न्हाई.

शब्दपाणक्या | मंगळ, सकाळी ८:४०

कलेवर लिहिणारी मंडळी 'अवाँगार्द' वापरतात तोही यातलाच. फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. त्याला मराठीत तयार शब्द होता आणि आपण तो विसरलो : बिनी. बिनीवाले पेशव्यांच्या फौजेच्या अग्रभागी असत. अवाँगार्द कवी म्हणजे बिनीचा कवी.

आडकित्ता | मंगळ, सकाळी ८:४४

आमच्या कॉलनीत बिनीवाले राहतात. रिटायर झालेत, कविता करतात. कळवतो त्यांना.

कोकणचा_कावळा | मंगळ, सकाळी १०:३०

मूळ प्रश्नावर माझा शेवटचा प्रतिसाद. राखणारा शब्द मारेकऱ्याचा कसा झाला, हे मुळामुठांच्या भाचीने विचारलं होतं, आणि आपण व्याकरणात शिरलो.

'सिपाही' बघा. फारसी शब्द. फ्रेंचांनी त्याचा 'सिपाय' केला, पोर्तुगीज-स्पॅनिशमध्येही गेला. आज अर्जेंटिनात कुणाला 'सिपायो' म्हणा, तो अंगावर येईल. त्याचा अर्थ परक्यांच्या पैशावर आपल्या माणसांविरुद्ध उभा राहणारा, विकाऊ. आपल्याकडे शिपाई पाणी आणून देतो, तिकडे तो देश विकतो. आपल्याकडे गार्ड शिट्टी वाजवून गाडी सोडतो आणि गारदी काकाच्या मिठीतून पुतण्याला ओढतो. भाड्याची बंदूक ज्याच्याकडे आली त्याच्या शब्दाचं हेच होतं. पगार मिळाला तर रक्षक, थकला तर गारदी. आणि थकवणारा धनी कोशात कुठेच सापडत नाही.

बखरवाचक | मंगळ, सकाळी ११:०५

कावळेबुवा, दंडवत. फक्त इब्राहिमखानाचाही पगार थकलेलाच असणार, पानिपतावर सगळ्यांचेच खायचे वांधे होते. तो तरी उभा राहिला. एवढं एक त्या वाक्याला जोडून ठेवा.

मुळामुठा | मंगळ, रात्री ९:५०

सर्वांचे आभार. भाचीने तुमचे निम्मे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आणि मिसना दाखवले. मिस म्हणाल्या परीक्षेत हे लिहू नकोस.

आई इतके दिवस माझ्या फोनमधून वाचून दाखवलेलं नुसतं ऐकत होती. आज भाजी निवडता निवडता म्हणाली, "यात एवढं शोधायचं काय? दिवाळीच्या आधी करंज्यांच्या डब्याशी तुला राखण बसवायचे मी, मांजरासाठी. तुला तेव्हा काय म्हणायचे आठवतंय का?"

आठवलं.

पळीपंचपात्र | मंगळ, रात्री ९:५८

किती उरायच्या?

मुळामुठा | मंगळ, रात्री १०:०१

मांजराने कधी एकही खाल्ली नाही.